शेवटच्या आजारात निर्णय कुणाचा? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

लिव्हिंग विल, म्हणजेच पुढे शुद्ध हरपली तर कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवणारं वैद्यकीय इच्छापत्र, आणि शेवटच्या आजारातले उपचार यांबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. वैद्यकीय बाजू उपशामक, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आणि कायद्याची बाजू वकिलांनी पाहिली आहे. बहुतेकांनी कागद कसा करायचा एवढंच विचारलं आहे. ते सविस्तर सांगितलंच आहे. पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत तुमच्या वतीने जो बोलणार, त्याला तुमचं मन ठाऊक नसेल, तर उत्तमातला उत्तम कागदही कपाटातच राहतो. त्यामुळे उत्तरं देताना आम्हाला पुन्हा पुन्हा त्या माणसाकडे वळावं लागलं आहे.

माझं वय ७१. मधुमेह आणि रक्तदाब सोडला तर तब्येत ठीक आहे. मला लिव्हिंग विल करायचं आहे. ओळखीचे वकील म्हणतात, मॅजिस्ट्रेटसमोर जावं लागेल. मित्र म्हणतात, साध्या कागदावर लिहून सही केली की झालं. खरं काय?
– एक वाचक, नाशिक

वकील सांगतात ती जुनी पद्धत. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला आणि सन्मानाने मरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय निर्देशाला त्या दिवसापासून मान्यता आहे. मात्र तेव्हा त्यावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत असे. ही अट फार जाचक ठरली, म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती काढून टाकली.

आता पद्धत अशी. करणारी व्यक्ती सज्ञान, शुद्धीवर आणि समजून-उमजून निर्णय घेण्याच्या स्थितीत हवी, आणि कुणाच्या दबावाखाली नको. सही दोन साक्षीदारांसमोर करायची. साक्षीदार शक्यतो तटस्थ असावेत. ज्यांची नावं निर्णय घेण्यासाठी दिली आहेत, त्यांनाच साक्षीदार करू नका. मग तो कागद नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करून घ्यायचा. त्यांनी शिक्का मारून भागत नाही. व्यक्तीने हे स्वेच्छेने आणि परिणाम समजून केलं आहे याबद्दल खात्री पटल्याची नोंद त्यांनी करायची असते. ती ओळ कागदावर आली आहे ना, हे तिथेच उभं राहून वाचा. तुमच्या मित्राच्या साध्या कागदात नेमकं हेच राहून जातं. स्टॅम्पपेपरची अट निकालात नाही.

सही झाली की प्रती वाटायच्या. ज्यांची नावं दिली आहेत त्या प्रत्येकाला एक आणि फॅमिली डॉक्टर असतील तर त्यांना एक. स्थानिक स्वराज्य संस्थेने, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने, नेमलेल्या अधिकाऱ्याकडेही एक द्यायची. मुंबईत महापालिकेने हे काम विभागवार आरोग्य वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे दिलं आहे. इतर ठिकाणी आरोग्य विभागात ‘लिव्हिंग विलचे अभिरक्षक (हे कागद जपून ठेवणारे अधिकारी) कोण’ असं विचारा. काही ठिकाणी समोरच्या कर्मचाऱ्याला याची कल्पनाच नसते. तसं झालं तर वाद न घालता विभागप्रमुखांच्या नावे अर्ज लिहा, सोबत प्रत जोडा आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. तो शिक्का पुढे कागद तिथे जमा केल्याचा पुरावा म्हणून लागेल, कारण उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सत्यता पडताळायची असते ती या अभिरक्षकाकडून किंवा डिजिटल आरोग्य नोंदीतून.

मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रविवारी लॉकर उघडत नाही. औषधांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि तिचा फोटो नेमलेल्या माणसांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

मत बदललं तर केव्हाही बदला किंवा रद्द करा. ते मात्र लेखी आणि याच पद्धतीने. एकाहून जास्त कागद सापडले आणि एकही रद्द केलेला नसेल, तर शेवटी सही केलेला धरला जातो. म्हणून नवा कागद करताना जुन्या प्रती परत मागवून फाडून टाका.

मी स्वतःच लिहून काढलं आहे: “मला व्हेंटिलेटर लावू नये. मला नळ्या घालू नयेत. मला शांतपणे जाऊ द्यावं.” एवढं पुरेसं आहे का?
– एक वाचक, सांगली

भावना पोहोचते, पण डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. तुम्हाला उद्या साप चावला, तर आठ-दहा दिवस व्हेंटिलेटरवर राहून तुम्ही पूर्ण बरे होऊन घरी येऊ शकता. एखाद्या शस्त्रक्रियेच्या वेळी दोन तास व्हेंटिलेटर लागतोच. तुमचं पहिलं वाक्य शब्दशः घेतलं तर हेही नको असा अर्थ होतो, आणि तुमच्या मनात ते नक्कीच नसणार. कागद संदिग्ध असेल तर रुग्णालयाने नेमलेलं डॉक्टरांचं वैद्यकीय मंडळ त्यावर अंमल करत नाही. कागद नसल्यासारखीच पुढची प्रक्रिया होते. म्हणजे सगळी मेहनत वाया.

म्हणून आधी परिस्थिती लिहा, मग उपचार. परिस्थिती अशी मांडता येईल: “मला बरा न होणारा, जीव घेणारा आजार झाला असेल, किंवा मेंदूला अशी इजा झाली असेल की मी पुन्हा माणसं ओळखण्याच्या, बोलण्याच्या स्थितीत येण्याची वाजवी आशा डॉक्टरांना वाटत नसेल, आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन, तर…” ‘माणसं ओळखणं’ ही तुमची मर्यादा असेल, दुसऱ्या कुणाची ‘स्वतःच्या हाताने जेवता येणं’ असेल. ही रेघ तुमची तुम्हीच ओढायची. बाकी मजकूर वकील लिहून देतील, पण हे वाक्य त्यांच्याकडून घेऊ नका.

आता उपचार. एकेक समजून घेऊन लिहा, कारण प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे.

सीपीआर म्हणजे बंद पडलेलं हृदय चालू करण्यासाठी छाती दाबणं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. धडधाकट माणसाचं हृदय अचानक बंद पडलं तर यानेच जीव वाचू शकतो. शरीरभर पसरलेल्या कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यावर याने माणूस परत येण्याची शक्यता अगदीच थोडी. म्हाताऱ्या बरगड्या मात्र मोडतात. सीपीआर न करण्याचा निर्णय केस पेपरवर कसा नोंदवायचा याच्या मार्गदर्शक सूचना आयसीएमआरने २०२० साली प्रसिद्ध केल्या आहेत. तेव्हा डॉक्टरांना ‘डीएनएआर (सीपीआर करू नये अशी नोंद) लिहाल का’ असं थेट विचारता येतं.

व्हेंटिलेटरची नळी तोंडातून श्वासनलिकेत जाते. ती असेपर्यंत बोलता येत नाही, तोंडाने खाता येत नाही, बहुधा गुंगीत ठेवावं लागतं. एक-दोन आठवड्यांत ती काढता आली नाही तर गळ्याला छेद देऊन ट्रॅकिओस्टॉमीचा विषय निघतो. इथेच बरीच कुटुंबं अडकतात, कारण ‘नाही’ कधी म्हणायचं हे कुणी ठरवलेलं नसतं. यावर आम्हाला सगळ्यात व्यवहार्य वाटणारा उपाय म्हणजे मुदत घालून उपचार. “सुधारण्याची शक्यता डॉक्टरांना वाटत असेल तर व्हेंटिलेटर लावून पाहावा. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत सुधारणा दिसली नाही तर तो काढण्याची प्रक्रिया सुरू करावी. ट्रॅकिओस्टॉमी करू नये.” असं लिहिलं की मुलांच्या डोक्यावरचं ओझं निम्मं उतरतं. लावून पाहायलाही त्यांची हरकत राहत नाही आणि थांबायला आधार मिळतो.

डायलिसिस, नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब, पुन्हा पुन्हा आयसीयूत हलवणं, रक्तदाब टिकवणारी इंजेक्शनं यांबद्दलही एकेक ओळ लिहा. अँटिबायोटिकबद्दल सरसकट ‘नको’ लिहू नका. लघवीच्या जंतुसंसर्गाने माणूस बरळतो, तळमळतो. साध्या औषधाने तो त्रास थांबत असेल तर ते त्रास कमी करणारं औषधच झालं.

आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ बहुतेक कागदांत नसतेच: काय हवं आहे. “वेदना, धाप, उलटी, अस्वस्थता यांवर पूर्ण उपचार करावेत, लागेल तेवढं मॉर्फिन द्यावं, तोंडाची-त्वचेची निगा राखावी. शक्य असेल तर मला घरी ठेवावं.” ही ओळ नसली की ‘उपचार नकोत’ याचा अर्थ गडबडीत ‘काहीच करू नका’ असा लावला जातो आणि माणूस तळमळत राहतो.

मालमत्तेच्या मृत्युपत्रातच शेवटी एक परिच्छेद घातला आहे. चालेल ना?
– एक वाचक, कोल्हापूर

नाही. मृत्युपत्र उघडलं जातं ते मृत्यूनंतर. तो परिच्छेद कुणी वाचेपर्यंत त्याची वेळ टळून गेलेली असेल. शिवाय आयसीयूत कागद दाखवायचा झाला तर कुणाला कोणता फ्लॅट दिला हेही सगळ्यांसमोर येईल. दोन कागद वेगळे करा. तसंच, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खाली जे आगाऊ निर्देशपत्र करता येतं ते मानसिक आजाराच्या उपचारांपुरतं आहे. त्याने हे काम होत नाही.

माझ्याकडे आईचं कुलमुखत्यारपत्र आहे. वेगळा कागद हवाच का?
– एक वाचक, पुणे

हवाच. कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्याराचे अधिकार संपतात. आई बेशुद्ध असताना, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, ते कुचकामी होतं. हाच अडथळा बँकेतही येतो. म्हणून आई ठणठणीत आहे तोवरच खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ या पद्धतीने संयुक्त करून घ्या. नाहीतर रुग्णालयाचं बिल भरायला तिच्याच पैशांना हात लावता येत नाही आणि पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जायची पाळी येते.

बाबा महिनाभर आयसीयूत आहेत. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला आहे. डॉक्टर तोंडी म्हणतात, आता आशा नाही; पण मशीन काढा म्हटलं की “आम्हाला तसं करता येत नाही, तुम्ही डामावर (वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेऊन) घरी न्या” असं उत्तर मिळतं. बाबांनी काहीच लिहून ठेवलेलं नाही. आम्ही काय करावं?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

लिहून ठेवलेलं नसलं तरी रस्ता आहे. २०१८ आणि २०२३ च्या निकालांत अशा रुग्णांसाठीही, लिव्हिंग विल असलेल्यांसारखीच, दोन वैद्यकीय मंडळांची पद्धत सांगितली आहे.

रुग्णालय आधी प्राथमिक मंडळ नेमतं. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान दोन तज्ज्ञ असतात. तज्ज्ञांना किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. हे मंडळ कुटुंबाशी बोलतं, उपचार चालू ठेवण्याचे-थांबवण्याचे परिणाम समजावतं, तुमची लेखी संमती घेतं आणि शक्यतो ४८ तासांत मत देतं. मत उपचार थांबवण्याच्या बाजूने आलं तर रुग्णालय दुय्यम मंडळ नेमतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नियुक्त केलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ असतात. त्यांचंही मत शक्यतो ४८ तासांत यायचं असतं. दोन्ही मतं जुळली की अंमल करण्याआधी रुग्णालयाने प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. २०१८ च्या पद्धतीत न्यायदंडाधिकाऱ्यांनी येऊन रुग्णाला पाहावं लागे. आता फक्त कळवायचं आहे, परवानगीची वाट पाहायची नाही. मंडळाने नकार दिला तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं.

‘करता येत नाही’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा बहुधा त्यांना खटल्याची भीती असते किंवा रुग्णालयाने दुय्यम मंडळाची सोयच केलेली नसते. अशा वेळी भांडणाने काही साधत नाही. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे एक पानी अर्ज द्या: रुग्णाचं नाव, निदान, दाखल झाल्याची तारीख, आणि “सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमावं ही विनंती”. खाली जवळच्या सगळ्या नातेवाइकांच्या सह्या. पोच घ्या. तोंडी विनंती हवेत विरते. लेखी अर्जावर कुणाला तरी काहीतरी शेरा मारावाच लागतो.

सोबत, बाबा पूर्वी काय बोलले होते ते आठवून लिहून काढा. एखाद्या नातेवाइकाला नळ्या लावलेलं पाहून ते काय म्हणाले होते? असं वाक्य मंडळासमोर सांगा. ‘आम्हाला काय हवं’ यापेक्षा ‘बाबांना काय हवं असतं’ हा प्रश्न तिथे महत्त्वाचा आहे, आणि भावंडांमधले वादही या प्रश्नाने लवकर शमतात.

डामाबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज या शिक्क्याखाली रुग्ण घरी नेला की त्याच्यासोबत वेदनेचं औषध येत नाही, नर्स येत नाही, कुणाला फोन करायचा तेही ठरलेलं नसतं. गाडीतच श्वासाची तगमग सुरू होते आणि ती पाहणाऱ्या मुलांच्या मनातून ते पुढे वर्षानुवर्षं जात नाही. घरीच न्यायचं ठरलं, तर डामाच्या कागदावर सही करण्याआधी एवढं मागा: त्रास कमी करणाऱ्या औषधांची चिठ्ठी, ती तोंडावाटे जात नसतील तर कशी द्यायची याची माहिती, घरी येणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि सविस्तर डिस्चार्ज समरी.

आईला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आहे. अजून ती माणसं ओळखते, पण तारीख-वार विसरते. आता तिची सही ग्राह्य धरतील का?
– एक वाचक, ठाणे

निदान झालं म्हणून क्षमता संपली असं होत नाही. आजचा वार न सांगता येणारी व्यक्तीही ‘मला शेवटी नळ्या नकोत, मुलीने ठरवावं’ हे समजून सांगू शकते. त्या निर्णयापुरतं चार गोष्टी पाहतात: माहिती समजते का, थोडा वेळ लक्षात राहते का, तिचा विचार करून निवड करता येते का, आणि ती निवड कोणत्याही मार्गाने व्यक्त करता येते का.

वेळ दवडू नका. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडून, शक्यतो सही करायच्या दिवशीच, या निर्णयापुरती क्षमता असल्याचं पत्र घ्या आणि इच्छापत्राला जोडा. दिवसातली तिची बरी वेळ निवडा. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी गोंधळ वाढतो, म्हणून सकाळ बरी. डॉक्टरांशी आणि नोटरीशी तिलाच बोलू द्या. तुम्ही मध्ये उत्तरं दिलीत तर उद्या कुणीही म्हणेल की मुलीने करून घेतलं. कानाचं यंत्र आणि चष्मा लावून न्या. पुष्कळ ‘गोंधळ’ तेवढ्यानेच कमी होतो.

या आजारात गिळणं बिघडतं आणि कधीतरी राइल्स ट्यूबचा प्रश्न हमखास येतो. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. हाताने सावकाश, घासघास भरवणं हाच सल्ला दिला जातो. याबद्दल आज तिच्याशी बोला. पुढे ते विचारता येणार नाही.

मी अविवाहित, ६४ वर्षांची. एक भाऊ अमेरिकेत, एक गावी. दोघांचं पटत नाही. माझी खरी माणसं म्हणजे एक मैत्रीण आणि भाची. कुणाचं नाव देऊ?
– एक वाचक, मुंबई

जी व्यक्ती तासाभरात पोहोचू शकते, डॉक्टरांना प्रश्न विचारायला बिचकत नाही आणि स्वतःला पटत नसलं तरी तुमच्या मनाप्रमाणे बोलेल, तिचं. प्रेम सगळ्यांचं असतं. यातली तिसरी गोष्ट फार थोड्यांना जमते.

२०२३ च्या बदलानंतर एकाहून जास्त नावं देता येतात. निकालातले शब्द ‘पालक किंवा जवळचे नातेवाईक’ असे आहेत. त्यामुळे मैत्रिणीला ‘मी माझी पालक म्हणून नेमते’ असं स्पष्ट लिहून नेमा आणि भाचीचं नाव दुसरं ठेवा. क्रम लिहायला विसरू नका: “पहिली व्यक्ती उपलब्ध नसेल तरच दुसरी.” दोघींना समान अधिकार देऊन ठेवलेत आणि त्यांचं एकमत झालं नाही, तर गाडी तिथेच अडते.

आता भावांचं. त्यांना डावलायचं नसेल, आणि डावलायचं असेल तरीही, आजच कळवा. दूर राहणारं माणूस अखेरच्या दोन दिवसांत येतं आणि ‘सगळं करा, पैशाकडे पाहू नका’ असा आग्रह धरतं. त्यात बहुधा इतके दिवस इथे नव्हतो याची टोचणी असते. डॉक्टर मग त्या आवाजाला घाबरून थांबतात. दोघांनाही एक छोटं पत्र किंवा मेसेज पाठवा: मी असं ठरवलं आहे, अमुकला नेमलं आहे, तुम्ही तिला साथ द्यावी. तुमच्याच शब्दांतलं ते पत्र मैत्रिणीच्या हातात असेल तर तिला कुणाशी वाद घालावा लागणार नाही.

तिच्याशीही एकदा निवांत बसा. ‘माझं सगळं तुला माहीतच आहे’ यावर विसंबू नका. तिला विचारा: मी कोमात असले आणि डॉक्टर म्हणाले, शंभरात पाच शक्यता आहे, तर तू काय सांगशील? तिचं उत्तर ऐकलं की काय समजावायचं राहिलं आहे ते लगेच कळेल.

सासूबाईंचा कॅन्सर यकृतात आणि हाडांत पसरला आहे. त्यांना घरीच राहायचं आहे. डॉक्टरांनी मॉर्फिन सुचवलं, पण घरचे म्हणतात त्याची सवय लागेल, त्याने लवकर जातील. घरी ठेवायचं तर काय तयारी हवी?
– एक वाचक, सोलापूर

मॉर्फिन नीट मोजून दिलं तर माणूस त्याने लवकर जात नाही. त्याने झोप लागते, कूस बदलता येते, चार शब्द बोलता येतात. कॅन्सरच्या वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं हीदेखील या टप्प्यावरची भीती नव्हे. साध्या गोळ्या दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायच्या असतात. दुखल्यावर द्यायच्या असं ठरवलं की प्रत्येक वेळी वेदना शिगेला पोहोचते आणि मग जास्त डोस लागतो. मधेच उसळणाऱ्या वेदनेसाठी वेगळा जादा डोस लिहून घ्या. पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवंच. मॉर्फिन बंद करायची वेळ येते ती बहुतेकदा बद्धकोष्ठतेमुळे. सुरुवातीचे काही दिवस मळमळ आणि गुंगी येते, ती ओसरते.

मॉर्फिन सगळ्या दुकानांत मिळत नाही, मान्यता असलेल्या संस्थांतूनच मिळतं. म्हणून शुक्रवारी गोळ्या मोजा. शनिवारी रात्री संपल्या तर सोमवारपर्यंत हाल होतात. उपशामक सेवा कुठे मिळेल हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात असा स्वतंत्र विभाग आहे, वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे.

घरी डोकं-पाठ उंच करता येणारा पलंग, हवेची गादी, चादरीखाली घालायला प्लास्टिक आणि डायपर लागतात. दर दोन तासांनी कूस बदला. टाचा, माकडहाड आणि खुबे रोज पाहा. नुसता लालपणा दिसला तरी तिथला भार लगेच कमी करा. धाप लागली तर पाठ उंच करा, खिडकी उघडा, छोटा पंखा थेट चेहऱ्यावर धरा. याने खरोखर बरं वाटतं. धापेवरही मॉर्फिनचा छोटा डोस चालतो, तो डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

एक दिवस त्या खायला नको म्हणतील. घरात सगळ्यात मोठी घालमेल तिथे होते; उपाशी ठेवतोय असं वाटतं, कुणीतरी सलाइनचा आग्रह धरतं. शरीर मिटत चाललं की भूक-तहान आपोआप मंदावते. त्या वेळी सलाइनचं पाणी पायांत आणि छातीत साठतं, सूज आणि घरघर वाढते. गिळता येत नसताना चमच्याने भरवलेलं श्वासनलिकेत जातं. ओल्या स्वच्छ फडक्याने तोंड पुसत राहा, ओठांना व्हॅसलीन लावा, मागितलं तर दोन थेंब पाणी द्या. कोरड्या तोंडाचा त्रास त्यांना होतो, तेवढा आपण थांबवू शकतो.

अखेरच्या दिवसांत श्वास अडखळतो, मध्ये काही सेकंद थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर ऐकू येते. ऐकणाऱ्याला ते भयंकर वाटतं, पण तोवर त्यांचं भान हरपलेलं असतं. कुशीवर वळवा. या घाबरलेल्या क्षणी कुणीतरी १०८ ला फोन लावतं, आणि रुग्णवाहिकेतल्या लोकांचं कामच जीव वाचवण्याचे प्रयत्न करणं हे आहे. मग घरी राहायचं ठरवलेल्या माणसाचा शेवट कॅज्युअल्टीत होतो. म्हणून १०८ ऐवजी कुणाला फोन करायचा ते मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा आणि घरातल्या प्रत्येकाला, शेजाऱ्यांनाही, सांगून ठेवा.

हेच डॉक्टर पुढे मृत्यूच्या कारणाचा दाखला देतील. घरी झालेल्या मृत्यूसाठी तो नमुना ४-अ मध्ये असतो आणि शेवटच्या आजारात ज्यांनी रुग्णाला तपासलं तेच तो देऊ शकतात. म्हणून डॉक्टरांनी शेवटच्या आठवड्यांत एकदा तरी घरी येऊन पाहिलेलं असावं आणि ‘मध्यरात्री दाखला लागला तर?’ हे त्यांना आधीच विचारून ठेवावं. नाहीतर दाखल्यासाठी दारोदार फिरावं लागतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते.

लिव्हिंग विलमध्ये व्हेंटिलेटर नको म्हटलं आणि अवयवदानाचाही फॉर्म भरला आहे. यात विसंगती आहे का?
– एक वाचक, नागपूर

आहे, पण एका वाक्याने सुटते. अवयव काढेपर्यंत रक्ताभिसरण चालू राहावं लागतं आणि त्यासाठी व्हेंटिलेटर लागतो. मेंदूस्तंभ मृत्यू, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबल्याचं, चार डॉक्टरांचं मंडळ दोनदा तपासून जाहीर करतं आणि दोन तपासण्यांमध्ये किमान सहा तासांचं अंतर असतं. तेव्हा लिहा: “मेंदूस्तंभ मृत्यूच्या तपासणीसाठी आणि अवयवदानासाठी लागेल तेवढाच वेळ व्हेंटिलेटर व औषधं चालू ठेवण्यास माझी संमती आहे.” फॉर्म भरला असला तरी त्या वेळी नातेवाइकांची संमती घेतलीच जाते, म्हणून हेही तुमच्या नेमलेल्या माणसाला सांगा.

घरी मृत्यू झाला तर अवयव देता येत नाहीत, पण डोळे देता येतात. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला बोलवायचं. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि पंखा बंद करा. देहदानासाठी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात नाव नोंदवतात. शवविच्छेदन झालं असेल तर देह सहसा स्वीकारत नाहीत, तेव्हा अंत्यसंस्काराचा पर्यायही घरच्यांशी बोलून ठेवा.

हे सगळं म्हणजे इच्छामरणच ना? पोलीस केस होईल अशी मुलाला भीती वाटते.
– एक वाचक, रत्नागिरी

नाही. जीव घेण्यासाठी इंजेक्शन देणं आपल्याकडे गुन्हाच आहे आणि कोणत्याही लिव्हिंग विलने ते मागता येत नाही. इथे फक्त मरण लांबवणारा उपचार नाकारला जातो. आजार त्याच्या वाटेने जातो. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाला स्वतःसाठी कुठलाही उपचार नाकारण्याचा हक्क आहेच. लिव्हिंग विल तोच हक्क शुद्ध हरपल्यानंतरच्या काळापर्यंत नेतं. मंडळांची लेखी मतं, कुटुंबाची संमती आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना दिलेली सूचना हे तीन कागद रुग्णालयाच्या फाइलमध्ये असले की डॉक्टर आणि मुलगा दोघंही सुरक्षित आहेत. डिस्चार्ज समरीसोबत त्यांच्या प्रती मागून घ्या, असं मुलाला सांगा.